मावशीच्या घरचं लग्न आणि रात्री साडेदहाची झोप

प्रश्न : ठाण्यातून एका ३४ वर्षांच्या वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील काढून ते थोडक्यात देत आहोत. त्या ऐरोलीतल्या एका कंपनीत अकाउंट्स विभागात काम करतात. घरी नवरा, सासूबाई आणि आठ वर्षांचा मुलगा. अडीच वर्षांपूर्वीच्या नवरात्रात सलग पाच-सहा रात्री त्या जेमतेम दोन-तीन तास झोपल्या, तरी थकवा म्हणून नव्हता. त्या दिवसांत क्रेडिट कार्डावर एक लाख साठ हजारांची खरेदी झाली, सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्या कमिटीवर तुटून पडल्या आणि एका रात्री दीड वाजता सख्ख्या मावशीला फोन करून जुन्या दागिन्यांवरून नको नको ते बोलल्या. तीन आठवडे रुग्णालयात काढावे लागले, बायपोलर आजाराचं (ज्यात मन कधी टोकाचं चढतं, कधी खोल उदासीत जातं) निदान झालं. मग आठ महिने उदासी. आता लिथियम (मनाचे हे चढउतार आवरणारं औषध) आणि रात्रीची एक गोळी सुरू आहे, गेले वीस महिने तब्येत स्थिर आहे. डॉक्टर म्हणतात, ‘छान चाललंय.’ पण त्या कुणाचा फोन उचलत नाहीत, भिशी सोडली, सोसायटीत मान खाली घालून लिफ्ट गाठतात. ऑफिसात एक आकडा तीनदा तपासावा लागतो. जरा मोठ्याने हसल्या की सासूबाई विचारतात, ‘गोळी घेतलीस ना?’ नवरा म्हणतो, ‘मन घट्ट कर, सगळं होईल.’ आता मे महिन्यात त्याच मावशीच्या मुलाचं डोंबिवलीत लग्न आहे आणि मावशी स्वतः पत्रिका घेऊन घरी येऊन गेली. शिवाय ऑफिसात टीम लीडची जागा देऊ केली आहे, पण त्यात महिन्यातला एक आठवडा रात्रपाळी आहे. त्या विचारतात : लग्नाला जाऊ का? बढती घेऊ का? गोळ्या कधी सुटतील? आणि मी पूर्वीसारखी कधी होणार?

उत्तर :

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेऊ, कारण बाकीचे तिन्ही त्याच्याच खुंटीला टांगलेले आहेत.

पूर्वीची तुम्ही म्हणजे नेमकी कोण? पत्रात तुम्हीच लिहिलंय : पाडव्याच्या शोभायात्रेसाठी रात्री दोनपर्यंत रांगोळी काढायची, पहाटे पाचला नऊवारी नेसून तयार, आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात सगळ्यांच्या आधी हजर. असे आठ-दहा दिवस वर्षातून दोन-तीनदा यायचे आणि नंतर पंधरा दिवस ‘अंगात जीव नसल्यासारखं’ व्हायचं, हेही तुम्हीच लिहिलंय. यातले काही दिवस हायपोमेनियाचे असू शकतात. ही मेनियाच्या, म्हणजे तुमच्या त्या नवरात्रासारख्या टोकाच्या चढत्या अवस्थेच्या, अलीकडची पायरी. किमान चार दिवस टिकणारा चढता उत्साह, कमी झोपूनही तरतरी, बोलण्याला आणि कामाला आलेला वेग. पत्रावरून ते ठरवता येणार नाही, पण डॉक्टरांना हे जुने दिवस सांगितले नसतील तर पुढच्या भेटीत जरूर सांगा. रांगोळी तुमचीच आहे, हातही तुमचाच आहे. दोन तासांच्या झोपेवर ती काढण्याचं बळ मात्र बहुधा आजाराने उसनं दिलेलं होतं आणि पुढच्या पंधरा दिवसांत तो ते व्याजासकट वसूल करत होता. त्या दिवसांची आठवण येऊन जीव तुटतो, हे अगदी खरं आणि साहजिक आहे. फक्त त्या दिवसांना मोजपट्टी करू नका. त्या पट्टीने मोजलं तर बऱ्यातला बरा दिवससुद्धा तोकडाच भरेल.

दुसरं असं की, लक्षणं जाणं आणि रोजचं जगणं रुळावर येणं एका दिवशी घडत नाही. मनःस्थिती सावरते, त्यानंतर बरेच महिने, कधी त्याहूनही जास्त काळ, लक्ष टिकणं, ऐकलेलं आठवणं, दोन कामं एकाच वेळी सांभाळणं मागे राहू शकतं. बायपोलर आजारात हे इतक्या जणांच्या वाट्याला येतं की त्यासाठी वेगळी प्रशिक्षणं बेतली गेली आहेत. तेव्हा आकडा तीनदा तपासावा लागतो हा तुमचा आळस नाही की नालायकीही नाही. पण ‘आजारच असा’ म्हणून सोडूनही देऊ नका, कारण यात दोन दुरुस्त होण्यासारखी कारणं लपलेली असतात. लिथियममुळे काहींची थायरॉइड ग्रंथी मंदावते, आणि मंद थायरॉइड हुबेहूब उदासीसारखा दिसतो : सुस्ती, वजन वाढणं, डोक्यात धुकं. टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) गेल्या सहा महिन्यांत तपासलाय का, बघा. दुसरं कारण रात्रीची गोळी. ती झोपेची गुंगी आणणारी असेल आणि तुम्ही अकराला घेत असाल तर सकाळी दहापर्यंत तिचा अंमल राहू शकतो. दीड-दोन तास आधी घेतली तर चालेल का, एवढा एकच प्रश्न डॉक्टरांना विचारा. पुष्कळदा ऑफिसातली सकाळ तेवढ्यानेच मोकळी होते.

आणि ‘मी बरी आहे का?’ असा एकच अगडबंब प्रश्न स्वतःला विचारू नका. या आजारात रोजचं जगणं कसं चाललंय ते पाहण्यासाठी तज्ज्ञ जी मोजणी वापरतात, तिच्यात सहा वेगवेगळी घरं आहेत : स्वतःची कामं स्वतः करणं, नोकरी, लक्ष आणि स्मरण, पैसे, नाती, मोकळा वेळ. तुमचं पत्र या सहा घरांत वाटून पाहिलं तर पहिल्या दोन घरांत तुम्ही भक्कम उभ्या आहात. वीस महिने रोज ट्रान्स-हार्बरची गाडी पकडून कामावर जाताय, मुलाची शाळा, डबा सांभाळताय. तिसऱ्या घरात अडखळताय, पण काम होतंय. पैशांची घडी अर्धीच बसली आहे. नाती आणि मोकळा वेळ, ही दोन घरं मात्र रिकामी पडली आहेत. म्हणजे काम कुठे करायचं ते ठरलं.

आता ‘मन घट्ट कर’ याबद्दल. तुमचे पती हे मायेने म्हणतात यात शंका नाही, पण त्यामागे एक समजूत आहे : या आजारात टिकाव धरणं म्हणजे मनाचा जोर लावणं. तसं नसतं. ज्यांचं वर्षानुवर्षं बरं चाललेलं दिसतं त्यांच्या दिवसाला एक ठाम चौकट असते, झोप ठरलेली असते, आणि कुणी कधी काय करायचं हे घरात आधीच बोलून झालेलं असतं. मेनिया चढताना मन तर पोलादासारखं घट्ट वाटतं, हे तुम्ही स्वतः अनुभवलं आहे. मनाच्या जोरावर भिस्त ठेवली की नेमक्या त्या दिवसांत फसगत होते.

चौकट म्हणजे काय ते नेमकं सांगतो. दिवसातल्या पाच वेळा लिहून काढा : अंथरूण सोडण्याची, कुणाशी तरी पहिल्यांदा बोलण्याची, काम सुरू करण्याची, रात्रीच्या जेवणाची आणि दिवा मालवण्याची. या पाचही वेळा रविवारसकट पाऊण तासाच्या मागेपुढे राहिल्या पाहिजेत. या आजारात शरीराचं घड्याळ हलकं असतं, थोड्या धक्क्यानेही सरकतं. एका रात्रीचं जागरण इतरांना दुसऱ्या दिवशी जांभया देतं, बायपोलर असलेल्याला ते उलट तरतरी देऊ शकतं, त्या तरतरीत पुढची झोप उडते आणि गाडी उताराला लागते. म्हणून नवरात्र, दहीहंडी, गणपतीतली जागरणं आणि महिनाअखेरीची ऑफिसातली रात्र, या सगळ्यांचा हिशोब एकाच वहीत. एक साधी दोनशे पानी वही घ्या. रोज एक ओळ : झोपण्याची वेळ, उठण्याची वेळ, गोळ्यांवर खूण, आणि मनाला उणे तीन (अगदी उदास) ते अधिक तीन (फार चढलेलं) यांमधला एक आकडा. पाच सकाळच्या, पाच संध्याकाळच्या अशा सविस्तर नोंदी ठेवायला जाल तर आठवड्याभरात वही कपाटात जाते. एक ओळ पुरे, आणि ती दात घासायला जाण्याआधी.

सुट्टीच्या दिवशी बाराला उठायची सवय असेल तर एकदम सातला उठू नका. दर तीन दिवसांनी वीस मिनिटं अलीकडे आणा. चहा-कॉफी दुपारी चारनंतर बंद. फोन चार्जिंगला हॉलमध्ये.

सासूबाईंचं काय? दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. त्या नवरात्रात त्यांनी जे पाहिलं, ते त्यांनाही विसरता आलेलं नाही. पण हसण्यावर पहारा बसला की दोन गोष्टी बिघडतात. तुम्ही घरात हसणं टाळता, आणि खरं लक्षण दिसेल तेव्हा त्यांचं विचारणं इतकं रोजचं झालेलं असतं की तुम्ही ते झटकून टाकता. घरात सतत टीका, रागराग किंवा अतिकाळजी असेल तर आजार उलटण्याचं प्रमाण वाढतं, हे कितीतरी अभ्यासांत दिसलं आहे. अतिकाळजीसुद्धा त्यात येते, हे त्यांना तुम्ही सांगू नका, डॉक्टरांच्या तोंडून ऐकू दे. पुढच्या भेटीला पती आणि सासूबाई दोघांना घेऊन जा आणि पंधरा मिनिटं त्यांच्यासाठी मागून घ्या.

मग एका रविवारी तिघांनी बसून एक कागद करायचा. डाव्या बाजूला तुमची खास चढत्या काळातली लक्षणं, उजवीकडे उतरत्या काळातली. पुस्तकातली नकोत, तुमची. पत्रावरून मला दिसतात ती अशी : पाच तासांहून कमी झोप आणि तरी थकवा नाही, रात्री अकरानंतर लोकांना फोन, एका दिवसात दोनपेक्षा जास्त पार्सलं, जुने हिशेब उकरून काढणं. उतरत्या बाजूला : अंघोळ दुपारवर ढकलणं, डबा तसाच परत येणं, उठण्याची वेळ तासाभराने मागे पडणं. मोठ्याने हसणं या कागदावर नाही, आणि जे कागदावर नाही त्याबद्दल विचारायचं नाही. विचारायचं ते एकाने, रात्रीच्या जेवणानंतर एकदा, आणि प्रश्नही ठरलेला : ‘काल किती झोप झाली?’ गोळ्यांसाठी आठवड्याचा सात कप्प्यांचा डबा आणा. कप्पा रिकामा दिसला की विचारायची गरजच उरत नाही.

कागदाच्या खाली काय करायचं तेही लिहा, नाहीतर लक्षण ओळखूनही घर नुसतं घाबरून बसतं. एक रात्र झोप बिघडली : संध्याकाळचे बेत रद्द, फोन लवकर बंद, अंधार करून आडवं व्हायचं. लागोपाठ दुसरी रात्र : त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. रविवारच्या अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही. स्वतःच्या मनाने गोळी वाढवायची किंवा कमी करायची नाही. अशा वेळी काय घ्यायचं हे डॉक्टरांनी आधी लिहून दिलं असेल तर तेवढंच घ्यायचं.

फोनकडे येऊ. तुमच्या फोनमध्ये न वाचलेले एकशे चाळीस मेसेज आहेत म्हणता. नेहमी होतं ते असं : जितका उशीर, तितकी लाज, जितकी लाज, तितका आणखी उशीर. मग एखाद्या बऱ्या दिवशी माणूस सगळ्यांना एका बैठकीत उत्तरं द्यायला घेतो, चाळीस जणांशी तीन तास बोलतो, दुसऱ्या दिवशी गळून जातो आणि पुन्हा तीन आठवडे गप्प. शिवाय तो तीन तासांचा सपाटा पाहून घरच्यांच्या पोटात गोळा येतो तो वेगळाच. म्हणून ठरवून थोडं. संध्याकाळी सात ते सव्वासात, गजर लावून. पहिल्या आठवड्यात फक्त दोन माणसं, ज्यांच्याशी बोलून हलकं वाटतं अशी. उशिराबद्दल माफीनामा लिहायचा नाही, ‘कशी आहेस? तुझी आठवण आली’ एवढं बास. दुसऱ्या आठवड्यात एक फोन, दहा मिनिटांचा, चालता चालता. तिसऱ्या आठवड्यात समोरासमोर एक भेट, जागा आणि वेळ आधी ठरवून, तलावपाळीला एक फेरी आणि घरी. महिन्याभराने मेसेज शंभर उरले असतील, तर उरू देत. जुने ग्रुप आवाज बंद करून ठेवा. भिशीत परत जायचं की नाही ते सहा महिन्यांनी बघू. तिथे पैशांचाही संबंध येतो.

लोक ‘हल्ली दिसत नाहीस?’ विचारतील त्यासाठी एक वाक्य तयार ठेवा, आरशासमोर म्हणून बघा : ‘मध्ये तब्येत बरी नव्हती, आता ठीक आहे. तुझं काय चाललंय?’ तिन्ही तुकडे खरे आहेत आणि तिसऱ्याने चेंडू त्यांच्या अंगणात जातो. कुणाला निदान सांगायचं हा सर्वस्वी तुमचा हक्क आहे. माझं मत विचाराल तर पूर्ण गोष्ट माहीत असलेली तीन-चार माणसं हवीत, त्यातलं एक घराबाहेरचं. बाकीच्यांना सांगणं ऐच्छिक. एकदा सांगितलेलं परत घेता येत नाही, म्हणून कुणाला सांगावंसं वाटलं तर एक आठवडा थांबून, झोप नीट असताना सांगा.

सोसायटीच्या ग्रुपवर सार्वजनिक माफी मागण्याची गरज नाही. अडीच वर्षांत तिथे पाण्याच्या टँकरवरून दहा नवी भांडणं होऊन गेली असतील. ज्या एक-दोघांना तुम्ही नाव घेऊन बोललात त्यांना जिन्यात किंवा गेटवर गाठून दोन वाक्यं बोला : ‘त्या वेळी मी आजारी होते. तुम्हाला जे बोलले ते चुकीचं होतं, माफ करा.’ आजार हे कारण आहे, पण समोरच्याला लागलं तेही खरं आहे, म्हणून दोन्ही वाक्यं लागतात. नुसतं पहिलं म्हटलं तर सबब वाटते, नुसतं दुसरं म्हटलं तर तुम्ही स्वतःवर अन्याय करता. दहा मिनिटं खुलासा करत बसू नका.

मध्येच एक गंभीर गोष्ट. ‘त्या आठ महिन्यांत कधी कधी नको झालं होतं’ असं एक ओझरतं वाक्य तुमच्या पत्रात आहे. डॉक्टरांना ते याच शब्दांत सांगितलंय का? नसेल तर सांगा, आज तसं वाटत नसलं तरी. तसा विचार पुन्हा डोकावला तर एकटं राहू नका, गोळ्यांचा साठा पतींच्या ताब्यात द्या (लिथियमचा जास्तीचा डोस घातक असतो) आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. सरकारची टेलि-मानस ही हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य आहे, मराठीत बोलता येतं. उदासीत एखाद्या नव्या डॉक्टरकडे जाण्याची वेळ आली तर पहिलं वाक्य ‘मला मेनिया होऊन गेलाय’ हेच असू द्या. हे माहीत नसताना नुसतं उदासीवरचं औषध दिलं गेलं तर काहींना त्यातून मेनिया चढतो. हे पत्र वाचणाऱ्या, अजून निदान न झालेल्या वाचकांसाठीही हे वाक्य आहे.

आता बढती. पद आणि रात्रपाळी या दोन गोष्टी सोडवून घ्या. पद तुम्हाला झेपेल असं तुमच्या कामावरून दिसतं. महिन्यातला एक आठवडा रात्रपाळी मात्र माझ्या मते नाही म्हणण्यासारखी आहे. त्या एका आठवड्यात घड्याळ उलटं फिरतं, पुढच्या आठवड्यात सुलटं, आणि तुमच्या बाबतीत हे म्हणजे भिंतीला दर महिन्याला पहार लावणं. ऑफिसात सांगताना निदानापासून सुरुवात करू नका, गरजेपासून करा : ‘मला ही जबाबदारी घ्यायला आवडेल. वैद्यकीय कारणाने मी रात्रपाळी करू शकत नाही, डॉक्टरांचं पत्र देते. महिनाअखेरीला रात्री थांबण्याऐवजी मी सकाळी सातपासून बसेन.’ पत्रात आजाराचं नाव घालणं बंधनकारक नाही, ‘नियमित झोप वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक’ एवढं पुरेसं ठरतं का ते आधी बघा. त्याने भागलं नाही तर पुढची पायरी : २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजाराचा समावेश आहे आणि खासगी आस्थापनांनाही समान संधीचं धोरण ठेवावं लागतं. तुमच्या कंपनीचं ते धोरण एचआरकडे मागा, वाचा, मग ठरवा. त्याखाली हक्क मागायचा तर आजार उघड करावा लागतो, आणि सरकारी लाभांसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. तो निर्णय घाईचा नाही.

एक सावधगिरी मात्र घ्याच. आपण दुःखाच्या बातमीने माणूस ढासळेल म्हणून जपतो. बायपोलरमध्ये यशाची बातमीही धक्का असते. बढती मिळाली, नवं घर झालं, मोठं ध्येय गाठलं की त्या लाटेवर उत्साह चढत जाऊ शकतो. बढतीचं पत्र हातात पडलं की पुढचे दोन आठवडे वही डोळ्यात तेल घालून भरायची आणि नव्या कोणत्याही गोष्टीला ‘हो’ म्हणण्याआधी मध्ये दोन रात्री जाऊ द्यायच्या.

लक्षाची अडचण तिथेही येईल. त्यावर उपाय यांत्रिक आहेत, पण लागू पडतात. तपासणी तीनदा करण्याऐवजी एकदा, पण छापलेल्या कागदावर, पट्टी ठेवून. दोन तपासण्यांमध्ये किमान वीस मिनिटं दुसरं काम, कारण लगेच पुन्हा पाहिलं तर डोळा आधीचीच चूक वाचतो. तोंडी सांगितलेलं काम लगेच लिहून ‘असंच ना?’ म्हणून मेल. किचकट काम दिवसातल्या तुमच्या सगळ्यात जाग्या दोन तासांत.

पैशांची उरलेली अर्धी घडी बसवा. क्रेडिट कार्डाची मर्यादा स्वतः बँकेला कळवून कमी करून घ्या, पगाराच्या सव्वापट पुरे. यूपीआय रोजच्या खर्चाच्या एका छोट्या खात्याला जोडा, बचत दुसऱ्या खात्यात, जिथून पैसे काढायला शाखेत जावं लागेल. मोठ्या खरेदीला अठ्ठेचाळीस तासांचा नियम. या सगळ्यावर सही तुमची असावी. पतींनी कार्ड काढून घेणं आणि तुम्ही ते ठरवून त्यांच्याकडे देणं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. त्याच धाटणीचं आणखी एक काम म्हणजे २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार नामनिर्देशित प्रतिनिधी नेमणं. पुढे कधी निर्णय घेण्याच्या स्थितीत तुम्ही नसाल तर तुमच्या वतीने कोण बोलेल, हे साध्या कागदावर लिहून सही करता येतं. रुग्णालय कोणतं, कोणती औषधं सोसली नाहीत, मुलाला कोण बघेल, हेही तब्येत बरी असताना लिहून ठेवता येतं.

गोळ्या कधी सुटतील? दोन-तीन वर्षं स्थिर गेल्यावर हा विषय डॉक्टरांशी काढायला काहीच हरकत नाही, पण अशा मोठ्या मेनियानंतर बहुतेकांना त्या दीर्घकाळ लागतात. एकाएकी सोडलेलं लिथियम हे मेनिया परतण्याच्या सर्वांत ठळक कारणांपैकी एक आहे. थांबवायचंच झालं तरी ते किमान चार आठवडे आणि शक्यतो तीन महिन्यांत हळूहळू कमी करतात. दुसऱ्या मुलाचा विचार असेल तर तो दिवस राहण्याआधी बोला. या आजारात दिली जाणारी व्हॅल्प्रोएटसारखी काही औषधं गरोदरपणात बाळाला घातक असतात. खर्च किंवा वेळ आड येत असेल तर ठाण्यात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयाची ओपीडी आहे, आणि समुपदेशनासाठी १९९०पासून इथे काम करणारी आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही मानसिक आरोग्य संस्था आहे.

राहिलं लग्न. जा. जिच्यावर तुम्ही रात्री दीडला ओरडलात ती मावशी स्वतः पत्रिका घेऊन घरी आली, तिच्या बाजूने जे म्हणायचं होतं ते तिने पाऊल उचलून म्हटलं आहे. पण लग्नाच्या मांडवात माफी मागू नका. तिथे ती विहिणींमध्ये अडकलेली असेल आणि तुम्हाला रडू फुटेल. आधीच्या पंधरवड्यात एखाद्या दुपारी तिच्याकडे जा, तासभर. दागिन्यांच्या मूळ वादात शिरू नका, त्या रात्रीच्या शब्दांबद्दलच बोला. ‘लग्नात मला एखादं बसून करायचं काम दे’ असं तिलाच सांगा. अक्षता वाटणं, आहेराची वही लिहिणं. हातात काम असलं की कुणाशी काय बोलायचं हा प्रश्न निम्मा सुटतो, आणि अकाउंट्सवालीच्या हातात आहेराची वही शोभेल.

हळदीला संध्याकाळी जा, डीजे सुरू व्हायच्या आत, साडेआठला निघा. डोंबिवलीहून ठाण्याला पोहोचून साडेदहाला दिवा मालवायचा आहे. मुक्काम नको. लग्नघरी सतरंजीवर बारा जणींच्या गप्पांत झोप लागत नाही, आणि तीच तर मजा असते, हे मला कळतं. तरीही नको. दुसऱ्या दिवशी मुहूर्ताला पोहोचा, जेवा, चारपर्यंत परत. पतींशी एक खूण ठरवा, पदराला हात लावला की दहा मिनिटांत निघायचं, कारण न विचारता.

मे महिना आहे, शालू आहे, घाम धो-धो येणार. शरीरातलं पाणी आणि मीठ कमी झालं की मूत्रपिंडं लिथियम धरून ठेवतात आणि रक्तातली पातळी चढते. दर तासाला पाणी, मध्ये ताक किंवा लिंबूसरबत, मिठासकट. (बिनमिठाचे उपवास याच कारणाने तुम्हाला वर्ज्य. नवरात्रात उपास करायचाच तर डॉक्टरांना विचारून.) मांडवात डोकं दुखलं तर कुणीतरी पर्समधून गोळी काढून देईल. आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक असलेली घेऊ नका, त्यांनीही पातळी वाढते, पॅरासिटामॉल आपली आपण घेऊन जा. उलट्या-जुलाब, हात जोरात थरथरणं, चालताना झोक जाणं, जीभ जड होणं यातलं काही झालं तर लिथियमची पुढची गोळी न घेता थेट रुग्णालय.

आणि लग्नाच्या आदल्या आठवड्यात लिथियमची पातळी तपासून घ्या, सोबत क्रिएटिनिन (मूत्रपिंडांसाठी), टीएसएच आणि कॅल्शियम. रक्त शेवटच्या डोसनंतर बरोबर बारा तासांनी द्यायचं असतं. रात्री साडेनऊला गोळी घेतली तर सकाळी साडेनऊला, आणि सकाळचा डोस असेल तर तो रक्त दिल्यावर. टिकवण्याच्या उपचारात पातळी साधारण लिटरमागे ०.६ ते ०.८ मिलिमोलच्या आसपास ठेवतात, तुमचा आकडा किती हवा ते डॉक्टर सांगतील. रिपोर्ट वहीच्या मागच्या पानाला चिकटवा.